घरच्या कुत्र्याची निगा व शिकवण

पाळीव कुत्र्याचे केस, कातडी, नखे, कान व दात स्वच्छ ठेवणे हे एक काम आणि त्याला घरात, रस्त्यावर व माणसांच्या हाताखाली शांतपणे वागायला शिकवणे हे दुसरे, असे बहुधा समजले जाते. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकच आहेत. पंजाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्याची नखे कापायला दोन माणसे, तोंडाला जाळी आणि कधीकधी गुंगीचे इंजेक्शनही लागते. पंजा आपणहून हातात देणाऱ्या कुत्र्याला साधे नेलकटर पुरते. घरच्या घरी, कमी खर्चात निगा राखणे जमते ते या सवयीमुळे. पुढील माहिती मुख्यतः महाराष्ट्राच्या उष्ण-दमट हवेत राहणाऱ्या आखूड केसांच्या गावठी कुत्र्यांना लागू आहे. शिह त्झू, ल्हासा यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींना रोज विंचरावे लागते आणि दर चार ते सहा आठवड्यांनी केस कापून घ्यावे लागतात, त्यामुळे तो खर्च टळत नाही. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आला म्हणून त्यांचे केस वस्तऱ्याने साफ उतरवू नयेत. कातडी उन्हाला उघडी पडते आणि केस पुन्हा नीट येतीलच असे नाही.

सामान

आखूड केसांच्या कुत्र्याला रबरी दातांचा हातात धरायचा ब्रश पुरतो. केसांच्या दिशेने लांब हात न फिरवता आधी लहान गोल फिरवून सुटे केस वर आणावेत आणि मग ओल्या हाताने पुसून घ्यावेत. आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाच मिनिटे; केस गळण्याच्या दिवसांत रोज. दुसरी उपयोगी वस्तू बहुतेक घरांत असतेच, ती म्हणजे उवा काढायची बारीक दातांची फणी. शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर ती फिरवली की पिसवा सापडतात. पिसवा दिसल्या नाहीत आणि फणीत नुसते काळे कण आले, तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच पचलेले रक्त. डाग पसरला नाही तर ती साधी माती.

अंग पुसायला जाड टॉवेलपेक्षा तीन-चार सुती पंचे बरे. पावसाळ्यात टॉवेल दोन दिवस वाळत नाही आणि तोच कुबट टॉवेल पुन्हा अंगाला लागतो. पंचा पंख्याखाली रात्रीत वाळतो. अंथरुणाला गोणपाट घालण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याच्या विणीत गोचिडी दडतात आणि ते नीट धुतले जात नाही. जुनी सतरंजी किंवा दुहेरी चादर दर आठवड्याला गरम पाण्यातून काढून उन्हात टाकावी.

फिरवण्याचा दोर घरी करता येतो. पिशव्यांच्या बंदांसाठी मीटरवर मिळणारी सुमारे 2.5 सेंमी. रुंदीची जाड सुती पट्टी अडीच मीटर घ्यावी. एका टोकाला मुठीसाठी घडी घालावी, दुसऱ्या टोकाला स्वतःभोवती फिरणारा हूक अडकवावा आणि दोन्ही जोड मोच्याकडून दुहेरी दोऱ्याने चौकट-फुली शिवून घ्यावेत. हाती सुमारे दोन मीटरचा दोर उरतो. नायलॉनची पट्टी टिकते जास्त, पण कुत्र्याने हिसका दिला की तळहात सोलते. काटकसर करू नये ती हुकात. किल्ल्यांच्या जुडग्याचा पातळ हूक ताणाखाली उघडतो आणि कुत्रा थेट रहदारीत जातो. वापरण्यापूर्वी हूक दाराच्या कडीत अडकवून दोर सर्व जोराने ओढून पाहावा. गळपट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. पिल्लाच्या बाबतीत हे दर आठवड्याला तपासावे, कारण मान वाढते आणि पट्टा तेवढाच राहतो. गळा आवळणारी साखळी वापरू नये. तिने ओढण्याची सवय जात नाही, श्वासनलिकेला मात्र इजा होते. आखूड किंवा जड साखळीने कुत्र्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे.

दात येण्याच्या काळात, साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, पिल्लू चपला, वायरी, टेबलाचे पाय असे काहीही चावते. जुन्या पंचाला गाठी मारून, भिजवून, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवून दिला की हिरड्यांना आराम पडतो. धागे सुटू लागले की तो फेकून द्यावा, कारण गिळलेला धागा आतड्यात अडकतो. नारळाची करवंटी आणि शिजवलेली हाडे यांचे धारदार तुकडे पडतात. ती खेळायला देऊ नयेत.

हाताळणीची शिकवण

तीन ते चौदा आठवड्यांचे वय हा पिल्लाने जगाशी ओळख करून घेण्याचा काळ असतो. या वयात त्याला जे भीतीशिवाय भेटते ते पुढे त्याला साधे वाटते. मोठा कुत्राही शिकतो, फक्त त्याला जास्त दिवस द्यावे लागतात.

शिकवणीचा क्रम असा: स्पर्श, खूण, खाऊ. उदाहरणार्थ, पंजाला एक सेकंद बोट लावायचे, लगेच जिभेने ‘टक्’ असा आवाज करायचा आणि मग हरभऱ्याच्या दाण्याएवढा खाऊ द्यायचा. ‘टक्’ ही खूण कुत्र्याला सांगते की नेमके कशाबद्दल खाऊ मिळाला. विकतच्या क्लिकरचे (दाबल्यावर ‘टक्’ वाजणाऱ्या डबीचे) काम एवढेच असते. क्रम उलटला तर सगळे बिघडते. आधी खाऊ दाखवून, कुत्रा खाण्यात गुंतला असताना पंजा धरला, तर चारच दिवसांत तो खाऊ पाहूनच मागे सरतो, कारण खाऊ ही आता पकडले जाण्याची सूचना झालेली असते.

नखांसाठी पहिले दोन-तीन दिवस फक्त पंजाला बोट लावावे. मग पंजा धरावा, मग एकेक बोट हलकेच दाबावे, मग नेलकटर जवळ आणून नखाला नुसते टेकवावे. यानंतर एक कच्ची शेवई कानाजवळ नेलकटरने कापावी. नख कापल्यासारखाच आवाज होतो आणि पुष्कळ कुत्री कापण्यापेक्षा त्या आवाजालाच दचकतात. कुत्र्याने पंजा ओढला तर सोडून द्यावा आणि आदल्या पायरीवर यावे. पंजा ओढण्याची मुभा असलेला कुत्रा तो कमी ओढतो, हे अनेकांना खरे वाटत नाही, पण करून पाहिल्यावर पटते. एका बैठकीला तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. कंटाळलेल्या कुत्र्याला आणखी दहा मिनिटे बसवले तर आधीची पाच मिनिटेही वाया जातात.

खाऊ विकत आणायची गरज नसते. बिनमिठाची उकडलेली चिकन, उकडलेले रताळे, गाजराचे बारीक तुकडे, पनीर चालते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोजच्या जेवणातलाच मूठभर भाग बाजूला ठेवून शिकवताना देणे. वेगळा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावा. रश्शातील मटण धुऊनही देऊ नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, चॉकलेट व झायलिटॉल ही गोडी असलेले पदार्थही विषारीच.

शब्दांबाबत मराठी घरांत एक अडचण हमखास येते. ‘बस’ हा शब्द घरात दिवसभर ऐकू येतो: ‘बस झालं’, ‘बस रे आता’, पाहुण्यांना ‘बसा’. कुत्र्याला त्याचा अर्थ उरत नाही. म्हणून ‘बस’ शिकवताना शब्दासोबत हाताची खूण ठरवावी आणि ती आधी पक्की करावी. कुत्री हातवारे शब्दांपेक्षा लवकर ओळखतात. ‘ये’, ‘ने’, ‘दे’ हेही कानाला जवळजवळ सारखे. बोलावण्यासाठी ‘इकडे’ घेतले तर तोंडात धरलेली वस्तू सोडवायला ‘सोड’ ठेवावे. आजी ‘ये रे बाळा’ म्हणते, मुले ‘कम’ म्हणतात आणि आई नुसते नाव घेते, अशा घरातला कुत्रा अवज्ञा करत नसतो. त्याला काय हवे तेच कळलेले नसते. ठरलेले शब्द कागदावर लिहून दाराला चिकटवावेत. बोलावून घेऊन कधीही रागावू नये.

दोर ओढणाऱ्या कुत्र्याला मागे खेचायचे नाही. दोर ताणला की जागीच उभे राहायचे, सैल झाला की चालायचे. पहिल्या आठवड्यात शंभर मीटरला वीस मिनिटे लागतात, म्हणून ही शिकवण ऑफिसच्या घाईत करू नये.

शी-शूची सवय वेळेने लागते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन तासांनी. तिथेच खाऊ द्यावा. घरात झालेल्या चुकीबद्दल नाक घासणे हा निव्वळ छळ आहे. पिल्लू त्यातून एवढेच शिकते की माणसासमोर शू करू नये, आणि मग पलंगाखाली जाऊन करते. जागा आधी पाण्याने पुसून, मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून पुसावी. काळे फिनाइल टाळावे, ते पंजांना लागते आणि कुत्रा पंजे चाटतो.

अंघोळ, नखे, कान, दात

माणसाचा साबण आणि शाम्पू कुत्र्याला चालत नाही. कुत्र्याची बाह्यत्वचा जेमतेम तीन ते पाच पेशींच्या थरांची असते आणि तिची आम्लता आपल्या त्वचेहून कमी असते. अंगाच्या साबणाने ती कोरडी पडते, खाज सुटते, कुत्रा खाजवतो, जखम होते आणि घरचे म्हणतात, अंघोळ कमी पडते आहे. गावठी कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांनी एक अंघोळ पुरे. कुत्र्यांसाठीचा साधा शाम्पू एका मगात पाण्यात पातळ करून घ्यावा, साधारण एक भाग शाम्पूला दहा भाग पाणी. तो पसरतो लवकर, धुऊन निघतो पूर्ण आणि बाटली कितीतरी दिवस पुरते. औषधी शाम्पू मात्र डॉक्टर सांगतील तसाच वापरावा आणि फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा. लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

विंचरणे अंघोळीच्या आधी, कारण भिजलेली गुंत आणखी घट्ट होते. पाणी कोमट, तांब्याने, मानेकडून शेपटीकडे. डोके शेवटी आणि तेही ओल्या फडक्याने, म्हणजे कानात पाणी जात नाही. पायाखाली चटई हवी. घसरणारा कुत्रा घाबरतो आणि त्याची पुढची अंघोळही कुस्तीच होते. साबण लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्यावा. काखेत आणि जांघेत फेस राहतो, तिथेच पुढे लाल चट्टे उठतात. पावसाळ्यात फिरून आल्यावर रोज अंघोळ घालू नये. चारही पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या पंचाने कोरड्या कराव्यात.

नखे दोन-तीन आठवड्यांनी पाहावीत. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची बरीच झिजतात, पण अंगठ्याचे नख जमिनीला लागत नाही. ते वाटोळे वाढून मांसात घुसते. पांढऱ्या नखात रक्तवाहिनी गुलाबी दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एकेक मिलिमीटर कापत जावे आणि कापलेल्या तोंडावर मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबावे. रक्त आलेच तर तुरटी किंवा कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. कापण्याची भीती जातच नसेल तर एक फळी घ्यावी, सुमारे 30 × 60 सेंमी., तिच्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा आणि तिरकी धरून कुत्र्याला ती पुढच्या पायांनी खरवडायला शिकवावे. फळीखाली खाऊ लपवला की पहिली खरवड आपोआप होते. त्याच क्षणी ‘टक्’ आणि खाऊ. चार-पाच खरवडींनंतर पंजाच्या गाद्या तपासाव्यात, सोलल्या तर फळी जास्त तिरकी करावी. अंगठ्याचे नख फळीने झिजत नाही, ते कापावेच लागते.

कान आठवड्यातून एकदा हुंगावेत. निरोगी कानाला वास जवळजवळ नसतो. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा मान तिरकी ठेवणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे. कापसाच्या काड्या मळ आणखी आत ढकलतात. दात बोटाला ओले सुती फडके गुंडाळून रोज घासले तरी चालतात. माणसांची टूथपेस्ट नको, कुत्रा ती थुंकत नाही.

गोचिडी

महाराष्ट्रात कुत्र्याच्या निगेतला सर्वांत अवघड भाग हाच आणि स्वस्तात आटपण्याच्या नादात सर्वाधिक अपघातही येथेच होतात. खोबरेल तेलात कापूर, रॉकेल, टर्पेंटाइन असे उपाय घरोघरी सांगितले जातात. कापूर चाटण्यातून पोटात गेला तर झटके येऊ शकतात. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात उतरू शकते. गुराढोरांचे औषध कृषी केंद्रातून आणून अंदाजाने पातळ करणेही तितकेच घातक. अशा औषधांत असणाऱ्या आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस कोली वंशाच्या कित्येक कुत्र्यांना जिवावर बेततो. खर्च शाम्पूत, ब्रशात, अंथरुणात वाचवावा. रेबीजची लस (पहिली तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टरांच्या वेळापत्रकाने), जंताचे औषध आणि वजनानुसार दिलेले गोचिडीचे औषध यांत वाचवू नये. मोठ्या कुत्र्याची मात्रा कापून दोन लहानग्यांना वाटू नये. मानेवर टाकायचे थेंब वापरले तर आधी व नंतर दोन दिवस अंघोळ नको.

रोज संध्याकाळी फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीखाली हात फिरवावा. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. पिळू नये, जाळू नये, नखाने चिरडू नये. साबणाच्या पाण्यात टाकावी. कुत्र्यावर नेहमी आढळणारी तपकिरी गोचीड एर्लिकिया व बबेसिया या रक्तात वाढणाऱ्या जंतूंचा ताप पसरवते. भूक मेली, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर सकाळची वाट पाहू नये.

रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीवर वर चढत जाऊन फटीत हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू मोठे होऊन स्वतः अंडी घालेपर्यंत तीन वेळा कुत्र्यावर चढते-उतरते, मधला काळ ते भिंतीत, तसबिरीमागे, दाराच्या चौकटीत काढते. म्हणून फक्त कुत्र्याला औषध देऊन घर सुटत नाही. फटी सिमेंटने किंवा लांबीने (पुट्टीने) बुजवाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे, चौकटीमागे व्हॅक्युम किंवा केरसुणी फिरवून केर बंद पिशवीत बाहेर टाकावा. औषध सुरू असताना भिंतीतली उरलेली पिढी कुत्र्यावर चढते आणि तिथेच मरते. पहिले दोन-तीन महिने अंगावर मेलेल्या गोचिडी सापडत राहतात, त्या काळात औषधाची एकही मात्रा चुकवू नये.