संसारी माणसाची प्रार्थना नागपुरात कुठून आली?

नागपुरात 'एसएफएस' म्हटलं की सदरमधलं कॅथेड्रल आणि शाळा आठवते, नाहीतर सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज. ही अक्षरं ज्यांच्या नावाची, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी मात्र एका जुन्या प्रश्नात आयुष्य घातलं होतं: रोजच्या कामाधामात देवाचं भान ठेवायचं कसं?

प्रश्न पहिल्या शतकातला. इसवी सन 50 च्या सुमारास ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, 'निरंतर प्रार्थना करा.' ते जमवायचं कसं, हे काही त्याने सांगितलं नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी ही आज्ञा शब्दशः घेतली आणि टोपल्या विणता विणता ते बायबलच्या स्तोत्रांतली वचनं म्हणत राहिले. पुढच्या शतकात जॉन कॅसियन या साधूने त्यांची रीत लिहून ठेवली: देवाला मदतीला बोलावणारं सत्तराव्या स्तोत्राचं पहिलं वचन उठता-बसता मनात घोळवायचं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या दिवसाला प्रार्थनेच्या वेळा बांधून दिल्या. पण हे सगळं मठवासीयांसाठी. पोटामागे धावणाऱ्याने, लेकुरवाळीने काय करावं?

फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप होते. पण जिनिव्हा कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांच्या हाती, म्हणून मुक्काम जवळच्या आनसी गावी. प्रपंचातल्या एका बाईंना लिहिलेल्या उपदेशपत्रांतून त्यांचं 'भक्तिमय जीवनाची ओळख' हे पुस्तक 1609 मध्ये आलं. भक्ती शिपायाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, लग्न झालेल्यांच्या घरातून हद्दपार करणं हा त्यांच्या लेखी निव्वळ पाखंड होता. सांगितलेली रीत साधी: आज कोण भेटेल, कुठे राग येईल, याचा सकाळीच अंदाज घ्यायचा; रात्री दिवसाची झडती. सकाळच्या चिंतनातला एखादा विचार, बागेतून निघताना खुडलेल्या फुलासारखा, दिवसभर जवळ बाळगायचा. मधेमधे क्षणभर आत वळून देवाला एखादं वाक्य बोलायचं. बाकीच्या प्रार्थना राहिल्या तर ही उणीव भरून काढील, ही राहिली तर भरपाई नाही, असं ते म्हणत. या विषयात पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचं नाव जास्त घेतलं जातं. पण तेही मठातलेच. संसाराची गाठ, माझ्या मते, फ्रान्सिस यांनीच सोडवली.

आनसीलाच 1838 मध्ये त्यांच्या नावाचा धर्मसंघ निघाला. त्याचे फादर 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले. नागपूर तेव्हा त्याच मिशनकडे होतं. 1887 मध्ये इथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

हे झाले कॅथलिक. प्रोटेस्टंटांची वाट वेगळी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले. त्यांच्या परंपरेमागे 1647 चा एक कडक नियम होता: एकट्याने सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, शिवाय घरच्यांची एकत्र उपासना. टाळाटाळ करणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आधी समज, तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बंदी! अँग्लिकनांकडेही, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या लोकांकडेही, सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या प्रार्थना होत्याच. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये.

या सगळ्याला मराठी अंग दिलं ते कवी ना. वा. टिळकांनी. संस्कृत ग्रंथांच्या कामानिमित्त ते नागपुरात तिथल्या धनिक बुटींच्या आश्रयाला होते. पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. दळताकांडता, मळ्यात राबता देवाशी बोलणं मराठी माणसाला कोणत्या मिशनऱ्याने शिकवायला नको होतं. जनाबाई आणि सावता माळी तेच करत आले होते. टिळकांनी ती सवय अभंग-भजनांतून ख्रिस्ताच्या नावाशी जोडली. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची कितीतरी पदं आहेत, आणि मराठी ख्रिस्ती घरांतल्या कौटुंबिक प्रार्थनेत ती म्हटली जातात.