मण्यार चावली आणि काहीच दुखलं नाही

‘सूज नाही, रक्त नाही, दुखतही नाही, म्हणजे साप बिनविषारी असणार.’ पावसाळ्यात गावोगाव हे वाक्य ऐकू येतं. घोणस चावली तर जागा सुजते, ठणकते, शंकेला वावच राहत नाही. मण्यारीच्या बाबतीत मात्र हाच अंदाज जीव घेतो. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचे दात इतके बारीक की खूणही सापडेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे अपचन समजून ओवा देतात. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही.

आत जे घडतं ते विलक्षण आहे. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विजेच्या रूपाने येतो. पण तंतू आणि स्नायू यांच्यात सूक्ष्म फट असते. ती ओलांडतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. तंतूच्या टोकाशी ते इवल्या पुटिकांत, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांत, भरलेलं असतं, आणि पलीकडे स्नायूवर त्याचे ग्राहक, म्हणजे ते झेलणारे रेणू, असतात. नागाचं चेताविष, म्हणजे मज्जातंतूंचं काम बंद पाडणारं विष, पलीकडच्या ग्राहकांना चिकटतं, कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. तिथे निओस्टिग्मिन हे औषध उपयोगी पडतं: ते ॲसिटिलकोलीनचं विघटन रोखतं, रसायन साठतं आणि ग्राहकांपर्यंत पोचतं.

मण्यारीचं बीटा-बंगारोटॉक्सिन हे विष अलीकडच्या बाजूला, थेट तंतूच्या टोकावर बसतं. त्याचे दोन भाग असतात. लहान भाग टोकावरच्या पोटॅशियम वाहिनीला धरतो; मोठा भाग म्हणजे फॉस्फोलायपेज ए२ हे विकर (एन्झाइम), ते टोकाच्या पातळ आवरणातले मेदरेणू तोडत सुटतं. पुटिका रिकाम्या होतात, पुन्हा भरत नाहीत, आणि काही तासांत टोकच नष्ट होऊ लागतं. रसायन सुटतच नसेल तर निओस्टिग्मिन साठवणार काय?

प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं, मोडलेलं टोक जोडत नाही. म्हणून ते जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. टोकं नव्याने वाढायला बरेच दिवस लागतात आणि तोवर श्वास व्हेंटिलेटरच्या भरवशावर असतो. एक गोष्ट नातेवाइकांनी पक्की ध्यानात ठेवावी: बाहुल्या विस्फारलेल्या, बोटही हलत नाही, तरी रुग्ण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो. असा माणूसही पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

‘भगताने विष उतरवलं’ या गोष्टींत साप बिनविषारी तरी असतो, नाहीतर चावताना त्याने विष सोडलेलं नसतं. खऱ्या दंशात भगताच्या अंगणात जाणारा एकेक तास तंतूंची टोकं गिळत असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. त्यांतली कित्येक दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत.

चावलेली जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय हलू न देता १०८ची गाडी बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. साप मारण्यात, पकडण्यात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे.

आणि मच्छरदाणी लावा. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झालेला आढळला. खाट असेल तर उत्तमच. नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणाखाली जाळीच्या कडा चारही बाजूंनी नीट खोचा.