साधन-अवलंबित्व, प्रकल्पांतर्गत

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या विकासात लागणारी कमांड लाइन साधने (कोड आपोआप तयार करणारे कोडजनक, कोडमधील दोष दाखवणारे लिंटर, कोडची मांडणी नीट करणारे फॉरमॅटर इ.) आवृत्तीसह प्रकल्पाच्याच नोंदफाइलमध्ये जाहीर करण्याची पद्धत. ही साधने तयार सॉफ्टवेअरचा भाग नसल्याने पूर्वी ती बहुधा ज्याच्या त्याच्या यंत्रावर स्वतंत्रपणे बसवली जात. कोडजनकाच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या, की एकाच व्याख्येतून दोन यंत्रांवर वेगवेगळा कोड निघू शकतो.

या पद्धतीच्या उगमाबाबत एकमत होणे कठीण. जावा प्रकल्प बांधणाऱ्या मेव्हन २ (२००५) मध्ये प्लगिनची (जोड-घटकाची) आवृत्ती प्रकल्पाच्या पॉम या नोंदफाइलमध्ये लिहिता येई. पण प्लगिन मेव्हनच्या आतच चालतो, ती स्वतंत्र आज्ञा नव्हे. रूबी भाषेच्या बंडलर या अवलंबित्व-व्यवस्थापकातील (१.० आवृत्ती, २०१०) ‘बंडल एक्झेक’ ही आज्ञा लॉक फाइलमधील (नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमधील) आवृत्तीच चालवते, म्हणून तिच्याकडे आरंभाचा मान जाणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे अवलंबित्वांचे (प्रकल्पाला लागणाऱ्या बाहेरच्या घटकांचे) गट पाडता येतात. साधनाला मात्र वेगळा वर्ग नाही. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-व्यवस्थापकातील ‘डेव्ह-डिपेंडन्सीज’मध्येही (विकासापुरत्या अवलंबित्वांच्या यादीतही) साधने आणि चाचणीच्या लायब्ररी एकत्रच नांदतात. साधनांची स्वतंत्र यादी मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट कोअर ३.० (२०१९) मध्ये स्पष्टपणे दिसते.

गो भाषेतील वाटचाल विशेष लक्षणीय आहे. ज्यातील एकही पॅकेज कोडमध्ये आयात झालेले नाही असे मॉड्यूल (एकत्र आवृत्ती मिळणारा पॅकेजसमूह) ‘गो मॉड टायडी’ ही आज्ञा गो.मॉड या प्रकल्पाच्या नोंदफाइलमधून काढून टाकते. त्यामुळे टूल्स.गो नावाच्या फाइलमध्ये साधनांची रिकामी आयात (ओळखनामाच्या जागी अधोरेखा) लिहिण्याचा प्रघात पडला. फाइलच्या माथ्यावर दिलेल्या ‘टूल्स’ या बिल्ड-अटीमुळे (फाइल कधी संकलित करायची ते ठरवणाऱ्या अटीमुळे) ही फाइल नेहमीच्या संकलनात येत नाही. टायडी मात्र ती वाचते. युक्ती चतुर असली तरी नवख्याला ती स्वतःहून उमगणे अवघड. गो १.२४ (फेब्रुवारी २०२५) मध्ये गो.मॉडला ‘टूल’ हा निर्देश मिळाला. ‘गो गेट -टूल’ने नोंद होते, ‘गो टूल’ने साधन चालते आणि बांधलेली प्रत कॅशमध्ये (पुनर्वापराच्या साठ्यात) राहते.

एक अडचण मात्र उरते. साधनाची अवलंबित्वे मुख्य मॉड्यूलच्याच आलेखात (अवलंबित्वांच्या जाळ्यात) मिसळतात. दोघांना एकच लायब्ररी लागत असेल तर मागितलेल्या किमान आवृत्त्यांपैकी सर्वांत वरची निवडली जाते. म्हणजे लिंटर जोडल्याने प्रत्यक्ष उत्पादनातील लायब्ररीची आवृत्तीही बदलू शकते. ‘-मॉडफाइल’ पर्यायाने साधनांसाठी वेगळी फाइल ठेवणे हा यावरचा उपाय असून, साधने मोठी असतील तेथे तोच श्रेयस्कर.

पायथनमध्ये पीईपी ७३५ या सुधारणा-प्रस्तावाने (२०२४) अवलंबित्वांच्या गटांना प्रमाण रूप दिले. रस्ट भाषेच्या ‘कार्गो इन्स्टॉल’ या आज्ञेने बसवलेली साधने सामान्यतः प्रकल्पाबाहेरच राहतात.