चाळ (मुंबई)

एका ओळीत किंवा चौकाभोवती बांधलेल्या, सामायिक गॅलरीत उघडणाऱ्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची भाड्याची इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईतील कामगार व कनिष्ठ मध्यमवर्गाच्या निवासाचा हा प्रमुख प्रकार होय.

उगम : चाळीची रचना कोठून आली याविषयी मतभेद आहेत. एक मत ती लष्करी बराकींशी जोडते. एकसारख्या खोल्यांची रांग आणि पुढे व्हरांडा हे साम्य उघड आहे. मात्र बराकीत कुटुंबाच्या चुलीला जागा नसते, चाळीच्या खोलीत मोरी व चूल गृहीत असते. दुसऱ्या मतानुसार चौकाचा वाडा हे तिचे मूळ : वाड्याची दालने भाड्याने गेली आणि सोप्याची गॅलरी झाली. गिरगावातील चौकाच्या चाळींना हे लागू पडते, परळ-लालबागच्या सरळ रांगांना तितकेसे नाही. तिसरे मत कापडगिरण्यांकडे बोट दाखवते. मुंबईतील पहिल्या, कावसजी दावर यांच्या गिरणीची स्थापना १८५४ ची. पुढील दशकांत खोल्यांची मागणी गिरण्यांमुळेच वाढली. तरीही गिरणीमालकांनी स्वतः बांधलेल्या चाळी थोड्या असून बहुसंख्य चाळी खाजगी घरमालकांच्या होत्या. त्यामुळे भाड्याचा हिशेब हेच चाळीचे खरे मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गॅलरीमुळे एक-दोन जिन्यांत सगळा मजला भागतो, प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार मिळते आणि भाडे खोलीगणिक घेता येते. बराक आणि वाडा हे मिस्त्रींच्या ओळखीचे नमुने असावेत, इतकेच म्हणता येईल.

सरकारी चाळी : १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास (बी. आय. टी.) स्थापन झाला. त्याच्या परळ येथील चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. १९२० च्या दशकात विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, बी. डी. डी.) वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौ. फूट. येथे गॅलरीऐवजी मधोमध अंधारा बोळ आहे. खिडक्या बाहेर आणि दारे बोळात, अशी ही रचना असल्याने गॅलरीतून खालच्या चौकावर राहणारी नजर येथे नाही. शेजार मजल्यापुरता आखडतो आणि सभा-उत्सव मैदानात उतरतात.

समाजजीवन : दहा बाय बाराच्या खोलीत न मावणारे जगणे गॅलरीत आले. वाळवणे, मुलांचा अभ्यास, रात्रपाळीवरून आलेल्याची झोप, लग्नाची बोलणी, सारे तेथेच. दार दिवसभर उघडे असल्याने आजारपण लपत नसे आणि भांडणही. एकट्या कामगारांसाठी बायकांनी घरातच खाणावळी चालवल्या. कोकण-घाटावरच्या गावांनी ‘गावाची खोली’ घेऊन ठेवली, तिथे नोकरीच्या शोधात आलेल्या मुलाला पथारी मिळे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला आणि १९८२ च्या गिरणी संपालाही चाळींनी माणसे दिली.

केवळ सलोख्याचे चित्र मात्र अपुरे ठरते. खोल्या बहुधा जात व गाव पाहून दिल्या-घेतल्या जात, त्यामुळे रचनेने दिलेली जवळीक त्या रेषेपाशी थांबे. जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीत दलित वस्तीच्या चाळी व शेजारच्या चाळी समोरासमोर उभ्या ठाकल्या. टोपलीच्या संडासांसाठी इमारतींमागे घरगल्ली ठेवली जाई. मैला वाहणाऱ्यांनी पुढच्या दाराने येऊ नये अशी ती सोय होती. तिचा उल्लेख चाळीच्या आठवणींत क्वचितच येतो, आणि ही उणीव गंभीर आहे.

ऱ्हास : १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरू सुरक्षित झाले, मालकांना डागडुजीत रस उरला नाही आणि खोल्यांचे व्यवहार पागडीवर, म्हणजे खोलीसाठी एकरकमी पैसे देऊन, होऊ लागले. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे आली. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौ. फुटांची, स्वतंत्र संडास-न्हाणीची घरे उंच इमारतींत मिळत आहेत.