टपरी दवाखान्यात आणली तर?

व्यसनमुक्ती केंद्रात महिना-दीड महिना राहून घरी परतणारा माणूस शरीरानं बराचसा सावरलेला असतो. हाताची थरथर थांबलेली असते, जेवण जातं, झोप लागते. मग तो करी रोडला उतरतो, रोजच्या गल्लीत वळतो आणि देशीच्या दुकानासमोरून जाताना पोटात एकदम ढवळून येतं. प्यायचं त्यानं ठरवलेलं नसतं, उलट न प्यायचं ठरवलेलं असतं. आठवड्याभरात तो पुन्हा सुरू झाला की घरचे म्हणतात, 'मनाचाच कच्चा.' विज्ञान या माणसाशी थोडं अधिक सहानुभूतीनं वागतं, आणि आता आभासी वास्तवाच्या चष्म्यातून ते नाके-टपऱ्याच दवाखान्यात आणू पाहतं.

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन इथल्या सरकारी व्यसनोपचार रुग्णालयात अब्राहम विकलर नावाचे डॉक्टर काम करत. अफूवर्गीय द्रव्यं सोडून काही महिने लोटलेले रुग्ण गटात बसून बोलत असायचे. विषय ड्रग्जकडे वळला की त्यांना जांभया यायच्या, नाक गळायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणजे आपल्याकडचे गर्दुल्ले ज्याला 'टर्की' म्हणतात त्या नशा तुटल्यावरच्या त्रासाचीच सौम्य आवृत्ती, तीही अंगात औषधाचा कण नसताना. १९४८ मध्ये विकलरनी यामागचं कारण मांडलं: नशेशी जोडली गेलेली जागा, माणसं, बोलणं यांनाच शरीर प्रतिसाद देऊ लागतं. घंटा ऐकताच गळणारी पावलॉव्हच्या कुत्र्याची लाळ आपण शाळेत पाठ केली, हे तेच. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत पाहिलं की सुरुवातीला फळांचा रस मिळाल्यावर उसळणाऱ्या, डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी सरावानंतर रसाची सूचना देणाऱ्या दिव्यालाच उसळतात. रस येण्याची त्या वाट पाहत नाहीत.

जागेचं वजन किती, हे व्हिएतनाम युद्धानंतर दिसलं. तिथं असताना साध्या सैनिकांपैकी जवळपास दर पाचांतला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेनं १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला, तेव्हा या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले सुमारे ५ टक्के. घरी हेरॉइन तितक्या सहज मिळत नव्हतं, युद्धाची भीती नव्हती, ही कारणं आहेतच. पण ज्या जागी सवय जडली ती जागाच मागे राहिली, हेही खरं. मुंबईकराला ही चैन नाही. उपचार घेऊन तो परत त्याच चाळीत, त्याच डब्यात, त्याच नाक्यावर येतो.

आणि उपचार होतात कुठे? ट्यूबलाइटच्या उजेडातल्या एका खोलीत. समोर डॉक्टर, बाजूला बायको. 'तलफ किती येते? शून्य ते दहामध्ये सांगा.' उत्तर ठरलेलं: 'आता नाही येत, डॉक्टर.' तो खोटं बोलतोच असं नाही. त्या खोलीत तलफ यायला काही कारणच नसतं.

व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, नेमकं इथं कामाला येतं. डोळ्यांवर चढवायच्या त्या जाड चष्म्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यामुळे दृश्य सपाट न वाटता खोलवर पसरलेलं वाटतं. मान वळवली की सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात दृश्यही वळतं. खोटं आहे हे ठाऊक असूनही छातीत धडधडतं. या धडधडीचा पहिला उपयोग व्यसनासाठी झाला नाही. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती घालवायला आभासी पूल आणि काचेची लिफ्ट वापरली होती. २००१ च्या सुमारास युरोपात हेरॉइनसाठी आभासी बार तयार झाला. नंतर ह्यूस्टनला पॅट्रिक बोर्डनिक यांनी सिगारेट, दारू आणि हेरॉइनच्या जगांवर बरीच वर्षं काम केलं.

तपासणीची पद्धत साधी आहे. रुग्णाला आधी एका निरस, रिकाम्या आभासी खोलीत ठेवतात, मग पार्टीत किंवा बारमध्ये सोडतात. दोन्हीकडे तलफ किती ते विचारतात, शिवाय हृदयाचे ठोके आणि तळव्याला सुटणारा घाम मोजतात. काही प्रयोगांत वासही सोडले गेले. नवीन चष्म्यांत नजर टिपण्याची सोय असते. माणूस समोरच्याशी बोलतोय पण नजर किती वेळा मागच्या बाटल्यांवर गेली, हे यंत्र सांगतं. तोंडानं 'शून्य' म्हणणाऱ्याचा आकडा इथं वेगळा येऊ शकतो. आभासी बारमध्ये खरीखुरी तलफ येते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. माझ्या मते या तंत्राची सगळ्यात भक्कम बाजू हीच.

उपचाराचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. जुनी कल्पना अशी: रुग्णाला ग्लास दाखवत राहा, पिऊ देऊ नका, हळूहळू तलफ विझेल. २००२ मध्ये कॉन्क्लिन आणि टिफनी यांनी अशा उपचारांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांचा ठाम फायदा दिसला नाही. कारणाचा धागा मार्क बाउटन यांच्या उंदरांवरच्या कामात सापडतो. विझलेली सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते आणि ती शिकवण जिथं मिळाली त्या जागेला चिकटून राहते. दवाखान्यात विझलेलं नाक्यावर पुन्हा पेटतं. आभासी वास्तवाचे समर्थक म्हणतात, मग दवाखान्यातच दहा नाके उभे करू. बार्सिलोनाच्या गटानं दारूसाठी बनवलेल्या प्रणालीत बार, पब, उपाहारगृह आणि घर अशा जागा आहेत. रुग्णाला कुठं, कोणत्या पेयाची किती तलफ येते ते आधी पाहतात आणि सोप्याकडून अवघडाकडे नेतात. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण बहुतेक अभ्यास छोटे आहेत आणि वर्षभरानंतर किती जण व्यसनापासून दूर राहिले याचा पुरावा अजून तोकडा आहे.

मला त्यापेक्षा 'नाही' म्हणण्याची रंगीत तालीम अधिक आश्वासक वाटते. ही तालीम समुपदेशक आजही खुर्च्या मांडून करून घेतात. फक्त समोरचा माणूस खुर्चीत बसलेला समुपदेशकच आहे हे दिसत असतं, त्यामुळे नकार सोपा जातो. चष्म्यात समोर आग्रह करणारा मित्रच उभा करता येतो.

मुंबईसाठी हे करायचं तर परदेशी पब आणून चालणार नाही. तंबाखूच घ्या. डाव्या तळहातावर चिमूटभर गायछाप, त्यावर नखभर चुना, अंगठ्यानं मळणं, मग दोन टपल्या. भुकटी उडते, शेजारच्याला शिंक येते, आणि मळून झाल्यावर तो तळहात आधी समोरच्यापुढे येतो. अनोळखी माणूसही 'चुना आहे का?' एवढ्यावर ओळखीचा होतो. सोडणाऱ्याला सगळ्यात जड जातो तो हा पुढे आलेला हात, कारण तो नाकारणं म्हणजे माणूस नाकारल्यासारखं वाटतं. दारूचंही तसंच. परमिट रूममधला मंद उजेड, चकण्याची बशी, कोपऱ्यातल्या टीव्हीवर मॅच, पगाराचा दिवस आणि 'एकच क्वार्टर, अर्धी-अर्धी' म्हणणारा मित्र. त्या मित्राचे संवाद लिहायला व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच बसवावं, संगणकवाल्यांना ते जमणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी कुठल्या टपरीवर काय निघतं हे खाणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. तेही त्या चित्रात आलं पाहिजे.

धोके आहेत. सत्रात जागवलेली तलफ शांत न होता माणूस उठून बाहेर पडला, तर खरी टपरी रस्त्यापलीकडेच असते. म्हणून सत्रानंतर त्याला थांबवून, बोलून, तलफ उतरल्यावरच सोडायचं असतं. काहींना चष्म्यात मळमळतं, कारण डोळे सांगतात चाललोय आणि तोल सांभाळणारा आतला कान सांगतो बसलोय. दारू नुकतीच तोडलेल्या, थरथरणाऱ्या माणसाला आधी औषधं लागतात, तिथं चष्म्याचं काहीच काम नाही.

'पाच बैठकांत व्यसन गायब' अशी जाहिरात दिसली तर पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारावं: सहाव्या महिन्यात काय करता? औषध, समुपदेशन, गटाची बैठक, घरच्यांची तयारी यांतलं काही नसेल, तर तो चष्मा खेळणं आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या त्रासासाठी मदत लागणारे भारतीय साधारण ५.७ कोटी आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांना पहिली गरज डॉक्टरची आहे, चष्म्याची नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. दोन्ही फोन फुकट लागतात.