चिखलाखालचा गंज: छोटा ट्रॅक्टर आणि अवजारे उभी करून ठेवताना

हंगाम संपला की रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, शेडच्या कोपऱ्यात जातो, पात्यांवरचा चिखल तसाच. विचारलं तर उत्तर तयार असतं: "गंजायला हवा लागते. चिखलाने लोखंड झाकलंय, मग गंज धरेल कुठून?" युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात हे शाळेत खिळ्यांच्या प्रयोगात सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. पण पुढच्या हंगामात चिखल झाडून बघा. उघड्या भागावर पातळ तांबूस थर असतो आणि खोल खड्डे पडलेले असतात ते नेमके चिखलाखाली.

याचं कारण असं, की गंजताना दोन वेगळ्या क्रिया होतात आणि त्या एकाच जागी व्हायला हव्यात अशी काही सक्ती नाही. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन ओलीत उतरतो. दुसऱ्या जागी ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. इलेक्ट्रॉनना एकीकडून दुसरीकडे जायला पातं स्वतःच तारेचं काम करतं, आयनांना फिरायला चिखलातली ओल पुरते. म्हणजे चिखल लागलेलं पातं हा चालू असलेला विद्युतघटच.

आता धनाग्र (जिथे लोखंड विरघळतं) कुठे आणि ऋणाग्र (जिथे इलेक्ट्रॉन खपतात) कुठे, हे ठरवतो ऑक्सिजन. ढेकळाच्या कडेला आणि उघड्या भागात तो मुबलक मिळतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिथे खपतात. तिथली ओल अल्कधर्मी होते आणि धातूवर ऑक्साइडचा थोडाफार संरक्षक पापुद्रा टिकतो. ढेकळाच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे पापुद्रा तयार होत नाही, आणि कडेच्या भागाला लागणारे इलेक्ट्रॉन पुरवत तिथलं लोखंड विरघळत राहतं. विरघळलेले आयन पाण्याशी क्रिया करून तिथली ओल आम्लधर्मी करतात. खतातले किंवा जमिनीतले क्लोराइड आयन विद्युतभार सांभाळायला तिकडेच ओढले जातात. खड्डा जितका खोल, तितका ऑक्सिजन कमी, तितका आणखी खोल. शिवाय उघडा भाग मोठा आणि झाकलेला भाग छोटा असेल, तर सगळा प्रवाह त्या छोट्या जागेतून जातो. म्हणून सपाट झीज होण्याऐवजी भोक पडतं.

केंब्रिजच्या यूलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे एका थेंबात दाखवलं. मिठाच्या पातळ द्रावणात किंचित पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून त्याचा थेंब घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवायचा. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके कुठेही उमटतात. पण थेंबात आधीच विरघळलेला ऑक्सिजन संपला की चित्र बदलतं: मध्यभाग निळा, म्हणजे लोखंड विरघळतंय, कड गुलाबी, म्हणजे तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतोय, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी गंजाचं कडं. गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड जातं दुसरीकडून. वरचा तांबूस थर घासून "आत चांगलं आहे" म्हणणाऱ्यांनी हा थेंब जरूर पाहावा.

एकदा हे कळलं की साफसफाई कुठे करायची ते आपोआप सुचतं. उघडा, सपाट, रंगवलेला बॉनेट चमकवण्यात फारसं हशील नाही. हात घालायचा तो जिथे हवा पोचत नाही तिथे: पाती आणि फ्लँज (पाती बोल्टने बसवायची चकती) यांच्या फटीत, कल्टिव्हेटरच्या फाळाच्या बोल्टांभोवती, गवत कापायच्या यंत्राच्या खालच्या बाजूला घट्ट बसलेल्या हिरव्या थराखाली, लोडरच्या बादलीच्या कोपऱ्यांत, चाकाची डिस्क आणि रिम जोडलेल्या जागी. रोटाव्हेटरच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना गवत आणि दोरे गुंडाळले जातात. ते सुरीने कापून काढा, कारण ते ओल तर धरतातच, वर शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या ऑइल सीलची कड खातात. मग गिअरबॉक्समधलं तेल बाहेर आणि चिखल आत.

खत पसरवायचं यंत्र मात्र त्याच दिवशी धुवावं, हंगाम संपायची वाट पाहू नये. प्रत्येक खतासाठी आर्द्रतेची एक मर्यादा असते. हवेची सापेक्ष आर्द्रता तिच्यावर गेली की कोरडे दाणे हवेतलंच पाणी ओढून पाझरू लागतात. 30 अंश सेल्सिअसला युरियासाठी ही मर्यादा सुमारे 73 ते 75 टक्के, अमोनियम नायट्रेटसाठी 60 च्या आसपास. दोन्हींची धूळ एकत्र झाली तर ती 20 टक्क्यांच्याही खाली येते! म्हणजे अगदी कोरड्या वाटणाऱ्या हवेतही ते मिश्रण ओलंच राहणार. वजनासाठी टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरलं असेल, तर व्हॉल्व्हभोवतीची पांढरी पावडर हे गळतीचं लक्षण. ते क्षारही हवेतून पाणी ओढतात आणि रिम आतून खाऊन टाकतात.

धुताना प्रेशर वॉशरची नळी ऑइल सील, बेअरिंग, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरची जाळी यांच्यावर रोखू नका. पाणी मारून झालं की यंत्र पूर्ण सुकू द्या आणि मगच प्रत्येक निपलमधून ग्रीस मारा. जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन चालवायची. नांगराच्या घासून चकचकीत झालेल्या भागाला ग्रीस किंवा गंजरोधक तेल चोळा. इंजिनातून काढलेलं काळं तेल इथे फासायची सवय पुष्कळ जणांना आहे. त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, आणि पुढच्या नांगरटीला ते थेट मातीत जातं.

ताडपत्रीचा घोळही याच जातीचा. 30 अंशाला 80 टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे 24 ग्रॅम वाफ असते आणि तिचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. रात्रभर गार झालेलं कित्येक शे किलो लोखंड सकाळी हवेइतक्या झटपट तापत नाही. ते 26 अंशांच्या खाली असेपर्यंत त्याच्यावर दव धरतच राहणार. त्यात ट्रॅक्टर मातीवर उभा आणि प्लॅस्टिक जमिनीपर्यंत घट्ट बांधलेलं असेल, तर जमिनीतून निघणारी वाफ आतच कोंडते. प्लॅस्टिक पसरायचंच असेल तर ट्रॅक्टरच्या खाली, जमिनीवर पसरा. वरच्या आच्छादनाखाली चौकट उभी करून चारी बाजूंनी वारा खेळेल एवढी जागा सोडा.

इंजिनाच्या पोटात पाणी येतं ते दुसऱ्याच वाटेने. "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवतो" हे फार ऐकू येतं. डिझेलमध्ये वजनाने 13-14 टक्के हायड्रोजन असतो. तो जळला की एक लिटर डिझेलमागे जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली झिरपते आणि गार तेलात मुरते. इंजिन नीट तापलं तर ती पुन्हा उडून जाते. पाच मिनिटांत तेल तापत नाही, त्यामुळे दर आठवड्याला भर तेवढी पडत जाते. चालवायचं तर लोड देऊन, पूर्ण तापमानावर अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका. तेल आणि फिल्टर बदलायचे ते उभा करण्याआधी, पुन्हा काढताना नव्हे. नवं तेल घातल्यावर काही मिनिटं इंजिन फिरवलं की ते बेअरिंगांपर्यंत पोचतं.

डिझेलची टाकी वरपर्यंत भरा, प्रसरणाला थोडी जागा ठेवून. रिकाम्या टाकीत हवा आत-बाहेर होऊन पाणी साठतं हे खरं, पण त्याची भीती जरा फुगवून सांगितली जाते. 25 लिटरची टाकी 30 अंशाच्या संपृक्त हवेने भरली तरी त्यात पाऊण ग्रॅमच पाणी असतं. अधिक पाणी येतं ते सैल झाकणातून आणि कॅनमधल्या डिझेलबरोबर. तरी तळाशी साठलेले चार थेंबही पंपाच्या काही मायक्रॉनच्या फटींना आणि त्या पाण्यात वाढणाऱ्या बुरशीला पुरेसे, म्हणून डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर उघडून निचरा कराच. डिझेलच्या नळीला चुंबक लावून इंधन "शुद्ध" करणारी उपकरणं विकली जातात. चुंबकाने पाणी वेगळं होत नाही.

बॅटरीची आधी ऋण तार काढा, मग धन. तासभर तशीच सोडून व्होल्ट मोजा: 12.6 च्या वर म्हणजे भरलेली. 12.4 च्या खाली गेली की चार्ज करायची, कारण उतरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे स्फटिक होतात आणि मग चार्जिंगला दाद देत नाहीत. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते हा समज जुन्या, पाझरणाऱ्या पेट्यांच्या काळातला. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशी काय आणि फळी काय, सारखंच.

लोडर आणि लिफ्ट जमिनीवर टेकवून हायड्रॉलिकचा दाब सोडा. सिलिंडरचे रॉड शक्य तेवढे आत घ्या आणि बाहेर राहतील त्यांना ग्रीस चोळा. क्रोमच्या मुलाम्यावर पडलेला एक खड्डा सील कापायला पुरतो. क्लचचं पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवलं तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटत नाही. सायलेन्सरचं तोंड उंदरांसाठी बंद करा आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा.

राहिला पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचा, स्लिप क्लच, आणि महाग पडतो तो हाच. दगड लागला की त्याच्या प्लेटा घसरून गिअरबॉक्स वाचवतात. उभ्या-उभ्या त्या दाबलेल्या प्लेटांमधल्या फटीत वर सांगितलेलाच घट चालू होतो आणि प्लेटा एकमेकींना चिकटतात. दिसायला क्लच ठीक असतो, काम मात्र साध्या दांड्याचं करतो. म्हणून ठेवण्याआधी प्लेटा दाबून धरणाऱ्या स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा आणि नट सैल करा. शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करून, पुसून, ग्रीस लावून जोडा. पुन्हा काढताना नट सैल असतानाच प्लेटांच्या कडांवर खडूने आडवी रेघ मारा, माणसांना बाजूला करा आणि कमी रेसवर पीटीओ दोन-तीन सेकंद द्या. इंजिन बंद करून बघा: रेघ तुटून सरकली असेल तर नट मोजलेल्या लांबीपर्यंत आवळा. रेघ जागच्या जागी असेल तर क्लच खोला आणि प्लेटा घासून साफ करा.