शगालची ला फाँतेन-चित्रे

फ्रेंच कवी झां द ला फाँतेन (१६२१–९५) याच्या नीतिकथांवर चित्रकार मार्क शगाल (१८८७–१९८५) याने केलेली चित्रमालिका. पॅरिसचा कलाविक्रेता आणि प्रकाशक आंब्र्वाझ व्होलार याने हे काम त्याला दिले, तेव्हा फ्रान्समध्ये गदारोळ उठला. ज्या कविता फ्रेंच मुले शाळेत पाठ करतात, ज्यांना उद्री आणि गुस्ताव दोरे यांनी चित्ररूप दिले, त्या रशियन साम्राज्यातल्या व्हीतेप्स्कमध्ये जन्मलेल्या ज्यू चित्रकाराकडे का? हा सवाल थेट फ्रेंच संसदेपर्यंत गेला.

व्होलारने ठणकावून सांगितले, की या कथांचे मूळच पूर्वेकडे आहे. हे उत्तर खरेच होते. १६७८च्या संग्रहात ला फाँतेनने ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञात्याचे ऋण स्वतःच मान्य केले आहे. अरबी-फार्सी वाटेने युरोपात पोचलेल्या पंचतंत्राच्या परंपरेला तिकडे हे नाव मिळाले होते. दुधाची चरवी डोक्यावर घेऊन मनोरे रचणारी त्याची गवळण म्हणजे आपल्या सातूच्या मडक्याखाली स्वप्ने बघणाऱ्या ब्राह्मणाचीच नातलग. तिचेही चित्र शगालने काढले आहे.

१९२६-२७ मध्ये त्याने सुमारे शंभर चित्रे ग्वाश या अपारदर्शक जलरंगात रंगवली, त्यांतली काही फ्रान्समधल्या ओव्हर्नच्या डोंगराळ मुलखात राहून. तात्पर्य सांगण्यात त्याला रस नाही. तो कथेतला एकच क्षण पकडतो. मांजरीची बाई झाली, त्या कथेच्या चित्रात देह बाईचा आहे, पण चेहऱ्यावरून मांजर हटलेली नाही. रात्री ती उंदरावर झेप घेणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. मालिकेतले हे सर्वांत धीट चित्र म्हणावे लागेल.

व्होलारला रंगीत छपाई हवी होती. ग्वाशमधल्या असंख्य छटा मात्र ठशात उतरेनात. शेवटी शगालने तांब्याच्या पत्र्यांवर स्वतः कृष्णधवल अम्लरेखने (आम्लाने धातूवर रेषा कोरून छापलेली चित्रे) केली. नुसत्या रेषेवर न थांबता त्याने कुंचल्याने व्हार्निश लावून आम्लाला जागोजाग अडवले. त्यामुळे पिसे, लोकर, काळोख यांना रंगाविनाही पोत आला. मूळ ग्वाशचित्रे १९३० मध्ये पॅरिस, ब्रसेल्स आणि बर्लिन येथे प्रदर्शित झाली आणि विकली जाऊन पांगली.

१९३९ मध्ये व्होलार मोटार-अपघातात गेला आणि ग्रंथ रखडला. १९५२ मध्ये तेरियाद या प्रकाशकाने १०० अम्लरेखनांसह तो दोन खंडांत काढला. त्यातल्या काही प्रतींमधील चित्रे हाताने रंगवलेली आहेत.